हाकेविना ओ

हाकेच्या सड्यावर संध्याकाळी पोहोचणाऱ्याला आधी एक धोंडा दिसतो. काळा, कमरेइतका उंच, माथ्याला सपाट, आणि उजव्या अंगाला तळहाताएवढी जागा झिजून गुळगुळीत झालेली. त्याला शेंदूर नाही, झेंडा नाही, जवळपास नारळाची करवंटीही पडलेली नसते. त्यामुळे हा देव नाही एवढे कळते. मग कोण आहे, ते विचारावे लागते.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे कातळाचे पठार. त्यावर वीस-एकवीस घरे, एक मोठा गोठा, टोपल्या विणायची लांब पडवी आणि सगळ्यांत मिळून एकच चूल. चौतीस माणसे राहतात, सगळी वयाने मोठी. कोणाला डोळे नाहीत, कोणाला कान नाहीत, कोणाचे पाय ऐकत नाहीत, कोणाची समज आपल्या मापात बसत नाही. कमानीवरच्या पाटीवर 'सहकारी वसाहत' असे लिहिलेले आहे. पाटी अलीकडची आहे, सहकार फार जुना आहे.

दिवस मावळायला आला की ज्याची पाळी असेल तो धोंड्यापाशी येतो. हातात काठीला बांधलेले पांढरे फडके. तो एकेकाला नावाने हाक मारतो आणि प्रत्येक हाकेबरोबर फडके वर करतो. कान असलेल्याला हाक पोचते, डोळे असलेल्याला फडके. गोठ्यातून, भाताच्या खाचरातून, पडवीतून उत्तरे येतात. कोणी ओ देतो, ज्याला बोलता येत नाही तो थाळी वाजवतो. जो लांबून येतो तो धोंड्याच्या उजव्या अंगाला हात लावूनच पुढे जातो. सगळे आले की सगळे मिळून हाक मारणाऱ्याचे नाव घेतात, तोही ओ देतो, आणि मोजणी संपते. इथवर नवख्या माणसालाही समजते.

पण त्यानंतर तो हाक मारणारा दरीकडे तोंड करतो आणि पोटातून, लांब सूर काढून आणखी एक ओ देतो. या वेळी त्याला कोणीही हाक मारलेली नसते. चौतीस माणसे गप्प उभी राहतात. चुलीजवळ भाकरी निवत असते. खाली ओढ्याचा आवाज तेवढा येत राहतो.

"हाक कोणी मारली?" पाहुणा हमखास विचारतो.

याचे उत्तर द्यायचे काम सुभानमामांचे. त्यांचा डावा हात तरुणपणी उसाच्या चरकात गेला. ते बांबूची कामटी पायाच्या अंगठ्यात धरतात आणि उजव्या हाताने अशी तासतात की दोन हातवाल्याने बघत राहावे. ते मान वर करत नाहीत.

"मारली हुती," ते म्हणतात. "लई वर्सं झाली त्याला. बसा. जेवायला अजून येळ हाय."

मग ते भिवरेची गोष्ट सांगतात.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षीची ही गोष्ट, असे सांगतात. पायथ्याच्या गावात भिवरा नावाची बाई होती. गावाचे नाव सड्यावर कोणी घेत नाही. तिथली माणसे आता बाजारच्या दिवशी सड्याच्या टोपल्या हौसेने नेतात, मग जुने कशाला उकरा, असे मामांचे म्हणणे. भिवरेचे लग्न झाले होते, पण विसाव्या वर्षी देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. सासरच्यांनी चार महिने वाट पाहिली आणि तिला माहेरी आणून सोडले. आईबाप नव्हते. थोरला भाऊ होता, येसू. तो तिला कधी वाकडे बोलला नाही. त्याच्या घरात ती दळायची, कांडायची, घोंगडी रफू करायची. चाचपून चाचपून असा टाका घालायची की भोक कुठे होते ते सापडू नये.

साथीत गाव ओस पडू लागले. सकाळी पोचवायला गेलेला माणूस संध्याकाळी स्वतःच तिरडीवर. येसूने ठरवले की बायकापोरांना ओढ्यापलीकडे, दोन डोंगर ओलांडून सासुरवाडीला न्यायचे. दोन पोरे, एक आजारी बायको आणि एक आंधळी बहीण. वाट घाटाची, पाऊस भादव्याचा. एका खेपेला सगळ्यांना नेणे त्याला जमणार नव्हते. म्हणून त्याने आधी भिवरेला हाताला धरून सड्यावर आणले. तिथे गवळ्यांचा रिकामा गोठा होता, पन्नास पावलांवर झरा होता. त्याने पायलीभर नाचणी ठेवली आणि गोठ्यापासून झऱ्यापर्यंत दगडांची ओळ लावून दिली, पायाने चाचपता येईल अशी.

"पोरांस्नी पोचवतो आन् येतो," तो म्हणाला. "वर चढायला येळ जातो, म्या खालनंच हाक मारीन. तू ओ दे, म्हंजी मला कळंल तू हायस."

पाऊस लागला होता. बापाची घोंगडी भिवरेच्या अंगावर होती. ती तिने काढून त्याच्या डोक्यावर घातली. "तू भिजशील," ती म्हणाली. त्यानंतर त्याची पावले उतरत गेली आणि ओढ्याच्या आवाजात मिसळली.

भिवरा वाट बघत राहिली. वाट बघणे हे आपण नुसते म्हणतो. तिला तर कानांनीच बघायचे होते. पहिले वर्षभर ती कशालाही ओ द्यायची. होला घुमला, ओ. कुणाच्या तरी गुरांची घंटा वाजली, ओ. वारा करवंदीच्या जाळीत शिरला, तरी ओ. आपला आवाज खाली पोचत नसेल अशी तिला शंका आली. मग ती रोज तिन्हीसांजेला कड्याच्या अलीकडच्या या धोंड्यापाशी यायची आणि दरीकडे तोंड करून सराव करायची. तिचा आवाज असा तयार झाला की पलीकडच्या डोंगरावरचे गवळी म्हणे त्या ओवर आपली गुरे वळवायचे. तेच गवळी येता-जाता तिला दूध द्यायचे, नाचणी द्यायचे. पण ते तिला आंधळीबाय म्हणत. भिवरा असे कोणी म्हणत नव्हते.

दुसऱ्या वर्षी ती स्वतःच स्वतःला हाक मारू लागली. "भिवरेऽ" म्हणायचे आणि आपणच ओ द्यायची. एके दिवशी तिला त्याची फार लाज वाटली. तिने धोंड्यावर हात ठेवून नेम केला, की यापुढे दुसऱ्या माणसाने नाव घेऊन हाक मारल्याशिवाय ओ द्यायची नाही. आणि जो मारील त्याची ओ चुकवायची नाही. मग सड्यावर काहीच ऐकू येईना.

तिसऱ्या वर्षी रावजी आला. तो जन्माचा बहिरा आणि त्यामुळे मुका. भावांनी वाटण्या केल्या तेव्हा त्याच्या वाट्याला एक रेडकू आणि पुष्कळशी बोलणी आली; बोलणी त्याला ऐकू आली नाहीत, तेवढे बरे झाले. रेडकू घेऊन तो सड्यावर चढला आणि झऱ्याच्या दुसऱ्या अंगाला झोपडी बांधू लागला. आता पुढचे ऐकून पाहुणे हसतात आणि मामा त्यांना हसू देतात.

भिवरेने लाकडे तोडल्याचा आवाज ऐकला. "कोन हाय?" ती ओरडली. तोडणे चालूच राहिले. "अवो, कोन हाय तिकडं?" उत्तर नाही. तिकडे रावजीने दारात उभी असलेली बाई पाहिली. त्याने हात जोडून रामराम घातला. बाई सरळ त्याच्याकडे तोंड करून उभी, पण तिने मानसुद्धा हलवली नाही. त्याने मुंडासे काढून हलवले. तरी काही नाही. रावजीला राग आला. भावजयांचे तोंड चुकवायला आपण डोंगर चढलो, आणि इथेही तेच!

चार महिने असे गेले. झरा एकच. भिवरा पाण्याला आली की रावजी मानी माणसासारखा घागर उचलून बाजूला व्हायचा. तिला दूर जाणारी पावले ऐकू यायची आणि ती तिच्या जिव्हारी लागायची. दोघांच्या मनात वाक्य एकच होते: एवढा कसला ताठा? सड्यावर ती एकटी होती तेव्हा जितकी एकटी होती, त्याहून या चार महिन्यांत जास्त एकटी झाली, असे ती पुढे सांगायची.

मग सिदू आला. सिदूचे पाय लहानपणीच वाळलेले. दोन हातांत दोन लाकडी गुटके धरून तो ढुंगणावर सरकत डोंगर चढला. चढायला त्याला तीन दिवस लागले. तो टोपल्या विणायचा आणि बोलायला ऐकायचा नाही. झऱ्यावर बसून त्याने आधी भिवरेचे गाऱ्हाणे ऐकले, की इथे एक माजोरी माणूस राहतो, हाकेला उत्तर देत नाही. मग रावजीने हातवारे करून आपले गाऱ्हाणे मांडले, की ही बाई स्वतःला महाराणी समजते, माणसाकडे बघत नाही. सिदू कातळावर आडवा पडून हसला. हसून झाल्यावर त्याने रावजीचा हात ओढून भिवरेच्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवला आणि भिवरेचा हात धरून रावजीच्या कानावर. सांगतात की भिवराही हसली, आणि मग जी रडायला लागली ती दुपार टळेपर्यंत थांबली नाही. रावजीने तिची घागर भरून दारात नेऊन ठेवली.

गोष्टीत आंधळा भेटला आणि पांगळा भेटला की ऐकणारे एकाला दुसऱ्याच्या खांद्यावर बसवायला टपलेले असतात. सड्यावर कोणी कोणाच्या खांद्यावर बसले नाही. ज्याचे वजन त्याला पुष्कळ होते. त्यांनी केले ते एवढेच, की एक चूल मांडली आणि संध्याकाळी कोण कुठे आहे याची खबर घ्यायचे ठरवले. काठी, फडके आणि हाक ही युक्ती सिदूची. पहिल्या संध्याकाळी धोंड्याला टेकून त्यानेच हाक मारली, "भिवराबाईऽ!"

सव्वातीन वर्षांनी तिचे नाव कोणीतरी घेतले होते. सिदूला तीनदा हाक मारावी लागली.

बातमी वाऱ्यावर गेली. कोणी आपण होऊन आले, काहींना घरच्यांनी आणून सोडले. अकराव्या वर्षी सड्यावर नऊ माणसे झाली होती. त्यांत एक मोतीराम. तीस वर्षांचा गडी, आडदांड, हाडापेराने बैलासारखा आणि मनाने पाच वर्षांचा. त्याची आई त्याला झऱ्यापाशी बसवून "गूळ घेऊन येते" म्हणून गेली. मोतीराम गुळाची आठवण रोज काढायचा, आईची कधी काढली नाही.

मोतीरामला एकदा सांगितलेली गोष्ट तो तशीच करायचा, तसूभर इकडेतिकडे नाही. हाकेची रीत त्याला भिवरेने शिकवली. तुझे नाव ऐकलेस की आवाजाच्या रोखाने चालत यायचे, धोंड्याला हात लावायचा आणि मग 'आलो' म्हणायचे. हाक मारणाऱ्याने शेवटची ओ दिली की मोजणी संपली, खाली बसायचे, भाकरी मिळेल. झाले! एकदा तो खाचरात असताना सिदूने चुकून त्याच्या आधीच शेवटची ओ दिली. मोतीराम होता तिथे, गुडघाभर चिखलात, मांडी घालून बसला. पाऊस कोसळत होता. रावजीला तो सापडला तेव्हा गळ्यापर्यंत गारठलेला, दोन्ही हात मांडीवर उताणे, भाकरीची वाट बघत. त्यानंतर सगळ्यांनी ओळखले, की मोतीरामला बोलवायचे तर एकच आवाज पाहिजे. सड्यावरून दोन आवाज आले की तो जागेवर गरगर फिरतो. आवाजाचे तोंड फिरले की हा फिरतो. 'थांब' म्हटले की थांबतो, मग कुठेही असो.

त्या वर्षीच्या श्रावणात एका संध्याकाळी धुके आले. सड्यावरचे धुके ज्याने पाहिले नाही त्याला ते सांगून कळणार नाही; पसरलेला आपलाच हात दिसत नाही. भिवरेची पाळी होती. धुक्याचे तिला काय? तिने एकेक नाव घेतले, एकेक ओ आली. रावजी तिच्या बाजूलाच उभा होता, सिदू धोंड्याच्या बुडाशी बसला होता. राहिला एकटा मोतीराम. तो वासरू शोधायला कड्याच्या अंगाला गेला होता.

"मोतीराऽम!"

लांबून, कड्याच्या काठाकाठाने, त्याच्या पायाखालचे गोटे घसरल्याचा आवाज आला. तो निघाला होता. त्याच्या एका बाजूला सडा होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हते. मध्ये तिचा आवाज, तेवढीच वाट.

"मोतीराऽम! मोतीराऽम!"

आणि तेव्हा खालून, दरीतून, ओढ्याच्या आवाजावरून हाक आली.

"भिवरेऽ! ए भिवरेऽ! ओ दे गं!"

अकरा वर्षे. आवाज जाड झाला होता, पण 'गं' म्हणताना खाली उतरणारा तो सूर दुसऱ्या कोणाचा असणार? धोंडा होता म्हणून ती उभी राहिली.

सिदूने तिचा पदर ओढला. "बाय, तुलाच हाक हाय. दे की ओ!"

तिला द्यायचीच होती. अकरा वर्षे ती याच एका अक्षरासाठी जगली होती. पण ओ दिली की मोतीराम बसणार, कड्याच्या ओठावर, ओल्या गवतात, आणि भाकरीसाठी हात पसरणार. ती दरीकडे तोंड करून नुसते 'दादा' म्हणाली तर मोतीराम त्या रोखाने वळणार, आणि दरीत पडणार. 'थांब' म्हणाली तर भाऊ थांबेल, पण मोतीरामही थांबेल, पाय निसरड्या काठावर असतानाच. येसूसाठी तिच्यापाशी एकही शब्द मोकळा नव्हता. सिदूने तोंड उघडले तसे तिने चाचपून त्याच्या तोंडावर हात दाबला. रावजीला घाट उतरायला पाठवावे तर त्याला ऐकू येत नाही, आणि या धुक्यात दिसणार काय?

"मोतीराऽम!" ती म्हणाली. तोंड जराही वळू दिले नाही. सिदू सांगायचा, की तिचा आवाज दोरी ताणल्यासारखा सरळ होता.

दुसरी हाक आली. "भिवरेऽ! म्या येसू! ओ दे गं बाय!"

"मोतीराऽम!"

मग बराच वेळ खालून काही आले नाही. गोटे घसरत होते, जवळ येत होते. एकदा पाय निसटल्याचा आवाज आला, तिने श्वास धरला नाही, हाकच मारली. मग तिसरी हाक आली, पण ती हाक नव्हती. लांबून कोणी बोलावे तसे तिचे नाव होते नुसते. "भिवरे." त्यानंतर ओढाच वाहत राहिला.

मोतीराम धुक्यातून आला. त्याचा ओला पंजा धोंड्याच्या उजव्या अंगावर थापटला. "आलो," तो म्हणाला.

रीतीप्रमाणे सगळ्यांनी तिचे नाव घेतले. भिवरा दरीकडे वळली आणि तिने ओ दिली. अंगात होता नव्हता तेवढा सगळा जीव घालून दिली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली. पलीकडच्या डोंगरावर कुत्री भुंकली. खालून काही आले नाही. कोणी जागचे हलले नाही, कोणाला पानावर बसायचे सुचेना. एकटा मोतीराम ओ ऐकल्याबरोबर मांडी घालून बसला होता. त्याने हात उताणे केले आणि म्हणाला, "भाकरी."

भिवरेनेच ती वाढली.

सकाळी धुके विरल्यावर रावजी खाली उतरला. ओढ्याच्या अलीकडे, चढ जिथे सुरू होतो तिथल्या दगडावर एक घोंगडी घडी करून ठेवलेली होती. दवाने भिजली होती. ती त्याने आणून भिवरेच्या मांडीवर ठेवली. तिची बोटे काठाकाठाने गेली आणि एका जागी थांबली. तिथला रफू तिचाच होता.

सगळ्यांना वाटले, आता ही जाणार. सिदू म्हणाला, "रावजी तुला पोचवंल. मागं मागं जा, गाठशील." ती बसून राहिली. "त्याला वाट ठावं हाय," ती म्हणाली. "येकदा आला, परत यील." आणि त्या संध्याकाळी मोजणी संपल्यावर ती पुन्हा दरीकडे वळली आणि तिने ओ दिली. नेम मोडला. कोणी हाक मारली नव्हती.

येसू परत आला नाही. तीन-चार वर्षांनी बांगड्या घेऊन एक कासार वर चढला, त्याच्याकडून खरे कळले. साथीत येसूची दोन्ही पोरे गेली, बायको गेली. तोही महिनोन्महिने अंथरुणाला होता. उठला तेव्हा हिवाळाही सरून गेला होता. बहीण कसली जगते आता, असे त्याने धरून चालले. पुढे गवळ्यांकडून कळले की सड्यावर आंधळी बाई आहे. तरी ज्या तोंडाने सोडले त्या तोंडाने हाक कशी मारायची, यात त्याची आणखी वर्षे गेली. शेवटी आला. त्याने तीन हाका मारल्या आणि वरून त्याला तिचाच आवाज आला, तिन्हीसांजेला आई पोराला घरी बोलावते तसा, जीव तोडून, मोतीराम, मोतीराम. येसू लोकांना सांगायचा, "माझ्या बहिनीला पोरगा हाय. मोतीराम नाव हाय त्येचं. तिचं समदं बरं हाय, आता माझ्या हाकेची तिला काय गरज?" हे सांगताना तो हसायचा आणि डोळे पुसायचा. मागच्या उन्हाळ्यात तो वारला, असे कासार म्हणाला. त्याला ठाऊक नव्हते की आपण कोणापुढे बोलतो आहोत. भिवरेने त्याच्याकडून बांगड्या भरून घेतल्या नाहीत, पण पाणी दिले.

त्या संध्याकाळी सिदूला वाटले, आज ही ओ देणार नाही. तिने दिली.

"आता कुनासाठी गं?" त्याने विचारले.

"ज्यानं हाक मारली त्याला ओ मिळाया पायजे," भिवरा म्हणाली. "उशिरा का हुईना."

पुढे ती वीसेक वर्षे जगली, असे म्हणतात. ती गेली त्या दिवशी तिन्हीसांजेला सगळे धोंड्यापाशी जमले. सिदूने मोजणी केली. तिच्या नावाची नेहमीची जागा आली, तिथे तो अडखळला आणि पुढे गेला. शेवटची ओ झाली. दरीकडची ओ मात्र कोणी देईना. ती तिची होती, ती तिच्याबरोबर गेली, असेच सगळे समजले. तेव्हा मोतीराम उठला. त्याचे केस पिकले होते. या ओमागे काय आहे ते त्याला जन्मात कोणी सांगितले नव्हते आणि सांगून कळलेही नसते. पण मोजणीनंतर दरीकडे ओ जाते, हे त्याने रोज पाहिले होते, आणि रोजची गोष्ट तसूभर इकडेतिकडे झालेली त्याला चालत नव्हती. त्याने धोंड्याच्या उजव्या अंगाला हात टेकला, दरीकडे तोंड केले आणि आपल्या जाड्या, वेड्यावाकड्या आवाजात ओ दिली. मग नेहमीसारखा खाली बसला नाही. भिवरा थांबायची तेवढा वेळ थांबला, मग बसला. त्याच्या जन्माच्या पुढच्या सगळ्या संध्याकाळी ती ओ त्यानेच दिली. त्याच्या हाताने ती जागा झिजली, असे सांगतात.

इथे गोष्ट संपते. सुभानमामा कामटी खाली ठेवतात, कारण तोवर मोजणी सुरू झालेली असते.

आजही सड्यावर ती ओ रोज जाते. हल्ली हाक मारणाऱ्यांत शेवंता आहे. ती चाकाच्या खुर्चीत बसून येते. तिची जीभ जड आहे. एकेक नाव पुरे करायला तिला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळे देतात. चौतीस नावे होतात. मग ती खुर्ची दरीकडे वळवून घेते आणि तिची ओ, अर्ध्यात फुटलेली, पुन्हा सावरलेली, खाली उतरत जाते. खालचा माणूस ओढा ओलांडून पहिल्या वळणावर येईल इतका वेळ कोणी ताटाकडे जात नाही.

पाहुण्याला वाटते, ही माणसे येसूसाठी थांबली आहेत. तसे नाही. इथे जवळजवळ प्रत्येकाला कोणीतरी हाताला धरून वर आणले आहे आणि "दिवाळीला येतो", "कापणी झाली की येतो" असे सांगून खाली उतरले आहे. ज्यांना कान आहेत ते त्या वेळात कान देतात. ज्यांना नाहीत ते वाटेच्या वळणाकडे बघतात. मग शेवंता म्हणते, "वाढा," आणि सगळे जेवायला वळतात.

एकदा एका पाहुण्याने त्या शांततेतच सुभानमामांना हळूच विचारले, "मामा, तुम्हाला इथे कोणी आणून सोडले?"

मामांनी दरीवरची नजर काढली नाही.

"जरा थांबा," ते म्हणाले. "ऐकू द्या."